एल्डनने साफ केलेली नळी

माझा थोरला भाऊ एल्डन हॉगलंड याच्याइतकी स्वच्छ बंदूक आमच्या पंचक्रोशीत कुणी करत नव्हतं, आणि माझ्या जिवलग मैत्रिणीच्या एकुलत्या एका हौसेची माती केली तीही त्यानेच. दोन्ही एकाच हाताने. चर्चच्या पत्रिकेसाठी त्याच्याविषयी चांगलं तेवढंच लिही, असं पाद्री मला म्हणाले होते. त्यांनी दुसरी लेखिका बघावी.

एल्डन दिवसा धान्याच्या कोठारावर कामाला होता. खरा तो जगायचा गॅरेजात, बंदुकीच्या टेबलापाशी. ऑगस्ट उजाडला की शिकारीच्या हंगामाआधी लोकांच्या बंदुका यायला लागायच्या. बंदूक शिकंज्यात धरायची, मागून गज घालायचा, औषधात भिजवलेली चिंधी नळीतून पार करायची. तोंडाकडून गज घालणाऱ्या माणसाशी तो बोलायचासुद्धा नाही. चिंधी आधी काळी यायची, मग निळी. निळी म्हणजे गोळ्यांचं तांबं अजून नळीच्या आतल्या पिळदार खाचांना, आट्यांना, चिकटून आहे. दुसरे लोक फिकट निळ्यावर थांबतात. एल्डन चिंधी पांढरी येईपर्यंत थांबायचा नाही, मग त्यात त्याचे तीन दिवस गेले तरी बेहत्तर. त्या औषधाला अमोनियाचा असा वास होता की आर्डिस, त्याची बायको, त्याचे शर्ट वेगळे धुवायची.

आता यातली गोम त्याला माहीत नव्हती असं कुणी म्हणू नये, कारण ती मला त्यानेच शिकवली. नळी फार मळली की गोळ्या पसरतात, हे खरं. पण अगदी कोऱ्या पोलादापर्यंत घासलेली नळीही पहिल्या काही गोळ्या भलतीकडे फेकते. आटे पुन्हा थोडे मळले की बंदूक आपल्या जागेवर येते आणि मग तिथेच मारत राहते. म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात बंदूक देताना त्याचं एकच पालुपद असायचं. पाच गोळ्या कागदावर झाड, आणि मग हंगाम संपेपर्यंत नळीला गज लावू नकोस.

"म्हणजे पैसे देऊन साफ करून घ्यायची आणि घरी जाऊन मळवायची?" डेल सॉर्ली दरवर्षी विचारायचा. डेलची गुरं आहेत आणि तोंडाला कुलूप नाही.

"आंघोळ करून तू उघडाच बाहेर येतोस का? कपडे घालतोस ना? तसंच ते," एल्डन म्हणायचा.

आर्डिस आणि मी शाळेपासूनच्या मैत्रिणी. तिने माझ्या भावाशी लग्न केलं तेव्हा मी तिला सावध केलं होतं, पण माणूस वाईट नव्हता, हेही मला मान्य होतं. ती शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधायची. बापाने मरताना तिला आपली जुनी रायफल दिली होती आणि हौसही. डोंगरातला मोठ्या शिंगांचा मेंढा तिला एकदा मारायचा होता. इथे मोंटानात त्याचा परवाना सोडतीत लागतो, आणि लागणारे हजारात चार-दोन. आर्डिसने एकोणतीस वर्षं नाव घातलं. दर जूनमध्ये नाही म्हणून कळायचं, आणि ती म्हणायची, "चला, यंदाही हिवाळ्यात हरणाचंच खायचं." तिसाव्या वर्षी तिचं नाव लागलं. तेव्हा ती एकसष्ट वर्षांची होती.

त्या उन्हाळ्यात ती पाठीवर वाळूची पिशवी घेऊन टेकडी चढायची आणि उतरायची. ऑगस्टअखेर आम्ही गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेलो. तिच्या बापाची ती रायफल चार वर्षांत साफ झाली नव्हती. तिने तीनशे यार्डांवर चार गोळ्या झाडल्या, आणि कागदावरची चारही भोकं माझ्या तळव्याखाली झाकली गेली.

घरी आल्यावर एल्डनने नळीत दिवा धरून डोळा लावला. "शी. आत कोळशाची खाण आहे नुसती. दे इकडे."

"लागतंय ना?" आर्डिस म्हणाली.

"लागतंय गं, पण..."

"मग हात लावू नकोस. मेंढा मारला की मग घास तुला हवी तेवढी. वाटलं तर रोज घास."

मी समोर होते. तो हो म्हणाला.

पण डोंगरातल्या शिकारीच्या तळावर डेल येणार होता, सामान वाहणारी खेचरं त्याचीच होती. डेल बंदूक हातात आली की आधी नळीतून आकाशाकडे बघणार, ही त्याची खोड. एल्डन हॉगलंडच्या स्वतःच्या घरात मळकी नळी, ही बातमी सोमवारपर्यंत गावातल्या कॅफेत पोचली असती. निघायच्या दोन दिवस आधी, आर्डिस शाळेत पोरांना वाढत असताना, त्याने ती रायफल टेबलावर घेतली आणि चिंधी पांढरी येईपर्यंत घासली. बापाच्या वेळचं तांबंसुद्धा काढलं त्याने. पाच गोळ्या झाडून आणायचं त्याच्या डोक्यात होतं. पण खाणीत त्या संध्याकाळी सुसाट वारं होतं, आणि दुसऱ्या दिवशी आर्डिस घरी होती. गोळ्या झाडायच्या तर तिला सांगायला लागलं असतं. त्याने नाही सांगितलं. 'जवळूनच मारेल ती, चार बोटं इकडे-तिकडे,' अशी त्याने स्वतःची समजूत घातली. हे सगळं मला पुढे त्यानेच सांगितलं. इतरांना अति तिथे माती म्हणून शिकवणारा माणूस.

चौथ्या दिवशी आम्हाला मेंढा दिसला. कड्याखालच्या घळीत एकटाच होता, शिंगं पूर्ण वळलेली, उजव्याचं टोक झिजलेलं. आर्डिस आणि मी पोटावर सरपटत पुढे गेलो. एल्डन आणि डेल मागे खडकाआड थांबले. दोनशे ऐंशी यार्ड, वारा नाही, मेंढा आडवा उभा. तिने पिशवीवर बंदूक टेकवली. मी तिच्या इतक्या जवळ होते की तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मी शपथेवर सांगते, तिचा हात दगडासारखा स्थिर होता.

गोळी सुटली. मेंढा पुढच्या पायांवर बसला, मग उठला आणि कड्यापलीकडे गेला. गोळी बरीच वर लागली होती, पाठीच्या कण्याच्या वर, नुसत्या मांसातून. तिला दुसरी झाडायला वेळच मिळाला नाही.

आम्ही दोन दिवस शोधलं. पहिल्या दिवशी खडकांवर रक्त होतं, दुपारनंतर तेही संपलं. आर्डिस हातापायांवर त्या खडीत फिरत होती. एल्डनही शोधत होता, सगळ्यांपेक्षा जास्त. मला वाटलं, बायकोचं दुःख आहे.

दुसऱ्या संध्याकाळी आर्डिसने परवाना काढला आणि चाकूने त्यावरची तारीख कापली, म्हणजे परवाना वापरून संपला.

"अगं, काय करतेस?" डेल म्हणाला. "जनावर हातात आल्याशिवाय कापायचं नसतं. अजून सहा आठवडे आहेत तुझ्याकडे. दुसरा बघू."

"रक्त सांडलं ना? मग तो माझाच झाला," ती म्हणाली. तिच्या बापाच्या घरची रीत ती. जखमी करून हरवलं तरी आपल्या वाट्याचं संपलं. कायदा असं म्हणत नाही, पण जुनी घरं अजून पाळतात. एल्डनलाही ती रीत माहीत होती. तो तिथे उभा होता. एका वाक्याने तिचा चाकू कदाचित थांबला असता, कारण दोष बंदुकीचा आहे हे तिला कळलं असतं. तो बूट बघत राहिला.

घरी आल्यावर रविवारी चर्च सुटल्यावर ती मला म्हणाली, "चल खाणीत." तसाच कागद, तेच तीनशे यार्ड. पहिली गोळी वीतभर वर. दुसरी वर आणि उजवीकडे. तिसरी जरा खाली. चौथीपासून पुढच्या सगळ्या मधोमध, एकीला एक चिकटून. प्रत्येक गोळीनंतर ती नळी गार होऊ देत होती, घाई नव्हती तिला. आठ झाल्यावर तिने कागद काढला आणि आम्ही गॅरेजात गेलो.

तिने तो कागद एल्डनच्या टेबलावर ठेवला. जन्मभर असे कागद वाचत आलेला माणूस तो, त्याला काही सांगावं लागलं नाही.

"साफ केलीस?"

"जराशी."

"मला सांगितलं असतंस तर पाच गोळ्या मीच झाडून आले असते," आर्डिस म्हणाली. मी मात्र त्याला सोडलं नाही. लाज, अक्कल, आईबाप, सगळं काढलं. तेव्हा तो डेलच्या खोडीपर्यंतचं सगळं ओकला.

खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण इथवरची चूक मी माफ केली असती. चूक कुणाचीही होते.

सोमवारी आम्ही कॅफेत बसलो होतो. डेलने आठ जणांसमोर विचारलं, "काय गं आर्डिस, झालं काय तिथे? एवढा जवळ होता."

आर्डिसने एल्डनकडे पाहिलं. मीही पाहिलं. तो कॉफीत चमचा फिरवत होता. साखर तो घेत नाही. आम्ही किती थांबलो ते मला सांगता येणार नाही, पण कॅफेतली पोरगी येऊन अंडी ठेवून गेली.

"हात हलला," आर्डिस म्हणाली.

आणि त्याने ते घेतलं. बाईने पुढे केलेली थाळी घ्यावी तसं निमूटपणे घेतलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मी सांगते सगळ्यांना. आत्ता."

"तू बोलायचं नाहीस, व्हर्ना," ती म्हणाली. "शप्पथ आहे तुला. त्याला स्वतःहून बोलू दे. मी थांबते."

ती अकरा वर्षं थांबली. अकरा वर्षं त्या कॅफेत तिच्यावर हसले लोक. "आर्डिसला कॉफी ओतायला सांगू नका, टेबल भिजेल." "मेंढा म्हातारा होऊन मेला म्हणतात, तुझी वाट बघून." वाईट हेतूने नाही, आमच्याकडे प्रेमसुद्धा असंच करतात. ती हसायची. एल्डन मूग गिळून बसायचा. घरी तो तिचे पाय चेपायचा, बर्फ काढायचा, वाढदिवसाला महागडी दुर्बीण आणली. सगळं केलं, ते एक वाक्य सोडून. मी त्याला एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "माझ्याकडे परत कोण बंदूक आणेल गं?" त्या दिवसापासून दोन वर्षं मी त्याच्या घरी जेवले नाही.

आर्डिसने रायफल भाच्याला देऊन टाकली. एकदा परवाना लागला की सात वर्षं थांबायचा नियम आहे; ती सरल्यावर तिला पुन्हा सोडतीत नाव घालता येत होतं. एल्डनने अर्ज भरून तिच्यापुढे ठेवला, फक्त सहीचं बाकी ठेवून.

"कशासाठी?" ती म्हणाली. "लोकांना माहीतच आहे माझा हात हलतो ते." आणि त्याच्याकडे बघत बसली. तेव्हाही तो बोलला नाही. अर्ज तिने शेगडीत घातला.

मागच्या फेब्रुवारीत ती गेली. पोटातला आजार होता, तीन महिन्यांत आटोपलं. शेवटच्या आठवड्यात मी तिला विचारलं, "आता तरी सांगू का?" तिने मान हलवली. नाही. अजून वाट बघत होती ती.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅमचे सँडविच, बटाटे, लेफ्सा म्हणजे बटाट्याच्या लाटलेल्या पोळ्या. लोक तिच्या आठवणी सांगत होते. डेल उठला. त्याने मेंढ्याची गोष्ट सांगितली, हलत्या हातासकट. सगळे हसले आणि डोळे पुसले.

तेव्हा एल्डन उभा राहिला. अकरा वर्षांनी, वरातीमागून घोडं.

"तिचा हात हलला नव्हता," तो म्हणाला. "नळी मी साफ केली होती. तिने नको म्हटलं होतं तरी. गोळ्या झाडून आणल्या नाहीत, तिला सांगितलंही नाही. मेंढा माझ्यामुळे गेला."

मग डेल पुढे आला आणि त्याने माझ्या भावाला मिठी मारली.

"बघा रे," तो सगळ्यांना म्हणाला, "गेलेल्या बायकोचा दोषसुद्धा अंगावर घेतो हा माणूस."

"नाही, खरंच मी..." एल्डन म्हणाला.

"बस रे, बस. आम्हाला कळतं." कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. बायका रडायला लागल्या. पाद्री म्हणाले की नवरा असावा तर असा.

एल्डनने माझ्याकडे पाहिलं. "व्हर्ना, तू तरी सांग यांना."

मी उठले आणि शक्य तितक्या मोठ्याने म्हटलं की हे अक्षरन् अक्षर खरं आहे, मी तिथे होते. डेलची बायको माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "भावाला किती जपतेस गं."

आमच्या गावात आर्डिसचा हात आजही हललेलाच आहे. आणि या ऑगस्टात एल्डनकडे इतक्या बंदुका आल्या की त्याला गॅरेजात दुसरं टेबल लावायला लागलं.