पाणाड्या तात्यांचं बसणं

पाणाड्या तात्या विहिरीची जागा दाखवायचे, पण त्यांच्या हातात ना नारळ असायचा ना उंबराची फांदी. ते शेतात मांडी घालून बसत, डोळे मिटत, आणि बऱ्याच वेळाने उठून म्हणत, "म्हातारं हितं म्हनतंय." म्हातारं म्हणजे त्यांचे वारलेले वडील. तेही पाणाडेच होते.

पाथर्डीकडच्या आमच्या कोरड्या गावात तात्यांचं घर आमच्या घराला लागून होतं. त्यांच्या देव्हाऱ्यात वडिलांचा टाक होता, चांदीच्या बोटभर पत्र्यावर उठवलेली मूर्ती. रोज पहाटे त्याच्यासमोर ते घोंगडी टाकून बसत. मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो; सुट्टीत गावी आलो की मीही त्यांच्या शेजारी बसे. आमच्या घरात तोवर कोणी मॅट्रिकही झालं नव्हतं, त्यामुळे गावात माझं कौतुक होई. तात्यांच्या घोंगडीवर मात्र मी नुसता शिकाऊ. "आधी तुझीच बडबड ऐकू यील," ते म्हणत. "तिला हाकलू नगं. दमली की बसंल गप." माझी काही दमत नसे. एकदा मी विचारलं, "तात्या, बोलतंय ते म्हातारंच, हे कशावरून?"

"सोपं हाय. आपला आवाज आपल्याला पायजे तेच सांगतो. म्हातारं नको तेच सांगतं."

गावच्या पाटलांच्या शेतात एकदा सबंध सकाळ बसून ते उठले आणि म्हणाले, "पानी हाय, पाटील. पन बांधाच्या पल्याड, तुमच्या भावकीत." पाटलांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. घरी येऊन तात्या हसत म्हणाले, "म्हाताऱ्यानं माझा च्या घालवला."

बहात्तरच्या दुष्काळात गावचा आड आटला. सगळ्यांनी मिळून नवी विहीर खणायचं ठरलं आणि तात्यांना माळावर नेलं. ते बसले. भोवती अख्खं गाव उभं, बाया रिकाम्या कळश्या घेऊन. ऊन चढलं, तरी तात्या उठेनात. कोणीतरी म्हणालं, "आवं तात्या, लेकरं तहानल्याती." मीही त्यांच्याकडे टक लावून पाहत होतो. त्यांनी डोळे उघडले, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि जवळच एका जागेकडे बोट दाखवलं. "हितं." म्हातारं म्हणतंय, असं ते म्हणाले नाहीत. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

गावाने अर्ध्या भाकरीवर खणलं. बायकांनी मुरूम वाहिला. खाली काळा पाषाण लागला. सुरुंग लावले, तरी धूळच निघाली. सगळे थांबले, पण तात्या कुदळ घेऊन एकटेच खड्ड्यात उतरत राहिले. मी म्हणालो, "खडक लागला, त्यात तुमचा काय दोष?"

"खडकाला नावं ठिवू नगं. मला त्या दिवशी काय ऐकूच आलं न्हवतं. एवढ्या मान्सांम्होरं न्हाई म्हनायची लाज वाटली."

त्यानंतर ते पहाटे बसत, पण टाकाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. मीही शेजारी भिंतीकडेच बघत बसे. माळावर त्यांच्यावर रोखलेल्या डोळ्यांत माझेही होते.

पुढच्या साली पाऊस झाला. शेवगावकडचे पाहुणे बैलगाडी घेऊन तात्यांना जागा दाखवायला न्यायला आले. पारावर आमची सगळी मंडळी बसलेली. तात्या उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई, पाव्हनं. दुसरा पानाड्या बघा."

मागून एकजण बोलला, "हे तवाच का न्हाई बोल्लात, तात्या? आमच्या बायांच्या माना मोडल्या."

तात्यांनी मान खाली घातली. "तवा लाजलो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो, तर घोंगडी पुन्हा देव्हाऱ्याकडे वळलेली होती. तात्या टाकासमोर बसलेले, डोळे ओले. उठल्यावर मी हळूच विचारलं, "म्हातारं बोललं?"

"बोललं."

"काय?"

"नको तेच," म्हणाले, आणि घोंगडीची घडी घालू लागले.

तात्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या घरी माझ्या वडिलांचा टाक आहे. रोज पहाटे मी त्याच्यासमोर बसतो. अजून मला हवं तेच ऐकू येतं.