चित्राच्या कडा

माझे भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर, तीस वर्षं केबलचं काम करतात. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी चहाच्या आधी यांचं डोकं टीव्हीच्या मागे. एवढा महागाचा एचडी टीव्ही आणायचा आणि बॉक्स जोडायचा जुन्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी, हे पाहिलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पिशवीत एचडीएमआयची केबल कायम असायची. ती लावायची, बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन एचडी करायचं, टीव्हीचं झूम काढून चित्र कडेपर्यंत बसवायचं आणि घरच्यांकडे वळून विचारायचं, "आता?" समोरच्याचा चेहरा उजळला की माणूस दिवसभर खूश. मला हसू यायचं आणि वैतागही यायचा.

गेल्या वर्षी त्यांनी ताईसाठी मोठा टीव्ही घेतला. दोनेक महिन्यांनी ताई म्हणाली, "अहो, चित्र कडेनं कापलं जातंय. खालची बातम्यांची पट्टी डावीकडे दिसतच नाही."

"झूम झालं असेल," भावजी म्हणाले. ही तक्रार त्यांनी हजार घरांत मिटवली होती. साधा चॅनल लावला की आकार बदलतो, कडा पडद्याबाहेर जातात. त्यांनी पाहिलं तर चित्र व्यवस्थित होतं. तरी सगळं पुन्हा सेट केलं. आठवड्यानं परत तेच. मग नवीन केबल लावली, मग बॉक्स बदलला. शेवटी ते चिडले. "मी कामावर गेलो की तू रिमोटशी काहीतरी चाळे करतेस." ताईनं रिमोट त्यांच्या हातात देऊन टाकला. टीव्हीतलं त्यांनाच कळतं, असं ती संसारभर मानत आली होती. दाराच्या चौकटीला तिचा खांदा आपटायचा, तेव्हा आम्ही तिला धांदरट म्हणायचो.

एका दुपारी मी तिच्या शेजारीच बसले होते. बातम्या चालू होत्या. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ पळत होती, माझ्या डोळ्यांसमोर. ताई म्हणाली, "बघ, परत कापलं." आणि मी, शहाणी, काय म्हणाले? "काही कापलेलं नाही. भावजींना राबवायला निमित्त हवं असतं तुला." ती हसली. मीही हसले. त्या दिवशी तिला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं तर... जाऊ दे. रोज स्वतःला हेच ऐकवते.

मग रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली सायकल तिला दिसली नाही. मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारले आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. काचबिंदू निघाला.

"कडेचं दिसत नाही, हे कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"झाले असतील दहा-बारा दिवस," ताई म्हणाली. मी तिच्याकडे बघतच राहिले.

"शक्य नाही. एवढं नुकसान दहा-बारा दिवसांचं नसतं."

भावजी खुर्चीवरून उठले. शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे राहिले. "खोटं बोलतेय ती. आठ महिने झाले. मला सांगत होती. मी टीव्ही दुरुस्त करत होतो."

बाईंना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. डावा डोळा गेल्यातच जमा होता. उजव्यात समोरचं तेवढं उरलं होतं, ते औषधानं टिकवायचं. गेलेलं परत येत नाही. "आठ महिन्यांपूर्वी आला असतात तर बरंच वाचलं असतं," त्या म्हणाल्या. विचारलं म्हणून सांगितलं त्यांनी, त्यांचा काय दोष.

भावजींवर तोंडसुख घ्यायचं असं मी येताना ठरवलं होतं. कुठल्या तोंडानं घेणार होते?

बाहेर बाकावर आम्ही तिघं बसलो. मी ताईच्या उजवीकडे, भावजी तिच्या डावीकडे. आवाज फुटू नये म्हणून त्यांनी रुमाल तोंडात कोंबला होता आणि खांदे नुसते गदगदत होते. ताई समोर बघत होती. थोड्या वेळानं हळूच माझ्याकडे झुकली.

"हे कुठे गेले गं?" ती म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नाही त्यांच्या."