चार इंच, सरळ करून

सोसायटीचा सेक्रेटरी झालं की मान मिळत नाही, किस्से मिळतात. तेही इतके साठलेत की बायको म्हणते, "कुणाला तरी सांगून या, मला परत नको!" म्हणून सांगतो. सगळे एकाच अंगणाचे आहेत.

आमच्याकडे तळमजल्याला पुढचं अंगण मिळतं. गोगटे बाईंनी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. रिटायर झाल्यावर त्यांनी आपल्या अंगणातलं लॉन उपटलं आणि देशी गवत, तेरडा, टाकळा, आघाडा, जे उगवेल ते वाढू दिलं. शेजारचं अंगण आमच्या चेअरमनचं, लेले काकांचं. त्यांचं लॉन म्हणजे कॅरम बोर्ड! त्यांनी कमिटीत नियमच करून घेतला: अंगणातली हिरवळ चार इंचांपेक्षा उंच नको.

*

पहिल्या तपासणीला काका नातवाची फूटपट्टी घेऊन निघाले, मागे वही घेऊन मी. बाईंचं गवत चांगलं कमरेएवढं, पण वाऱ्याने पार आडवं झालेलं. बाई म्हणाल्या, "मोजा की. जमिनीपासून तीन इंच आहे."

"अहो, ते वाकलंय!"

"उभंच असावं असं नियमात कुठे आहे?"

खरंच नव्हतं! मग दोन तास मीटिंग झाली आणि मी स्वतःच्या हाताने ठराव लिहिला: 'गवत सरळ करून मोजावे.' वर अध्यक्षांचे आभारही लिहिले.

*

ठरावानंतरही बाईंनी गवत कापलं नाही, म्हणून काकांनी कुंपणाला पाटी लावली: 'आळसाला बाग म्हणू नये.'

दुसऱ्या दिवशी खाली बाईंची पाटी: 'शंका असल्यास बेल वाजवावी. बाग दाखवली जाईल. नंतर तोंडी परीक्षा घेतली जाईल.'

बेल एकानेच वाजवली. तिसऱ्या मजल्यावरचा वैभव, नागपूरचा, आयटीतला. नापास झाला! बाईंनी त्याला पुढच्या रविवारी परत बोलावलं.

*

त्याच वैभवने पुढे तक्रार आणली. "काका, फुलपाखरं घरात येऊन राहिले ना! मीटिंग सुरू असली की लॅपटॉपवर बसतात."

लेले काकांनी तक्रार वहीत काय लिहावं? 'विनापरवाना फुलपाखरे.'

पंधरा दिवसांनी वैभव तक्रार मागे घ्यायला आला. म्हटलं, का रे बाबा? तर म्हणाला, "क्लायंट कॉलवर आला की आधी विचारतो, आज बटरफ्लाय कुठंय? मग डेडलाइनचं विसरून जातो!"

*

आमचा माळी सोपान मुळशीकडचा. काकांनी त्याला सांगितलं, "आवारातलं सगळं तण उपटून टाक," आणि ते बँकेत गेले. येऊन बघतात तर नर्सरीतून आणलेली त्यांची महागाची विदेशी रोपं ढिगात! आणि टाकळा डौलात उभा.

काका ओरडायचेच बाकी होते. सोपान शांत. "मानूस खात न्हाई, जनावर खात न्हाई, देवाला चालत न्हाई. मंग तणच हाय की सायेब!"

बाई दाराआड हसून हसून खोकत होत्या.

*

हे मात्र काकांना लागलं. त्यांनी सर्वसाधारण सभेत ठरावच आणला: गणेशचतुर्थीला सकाळी सात वाजता, स्थापनेच्या आधी, बाईंच्या अंगणावर मशीन फिरवायचं. सणासुदीला आवार स्वच्छ दिसायला हवं!

बाई उभ्या राहिल्या. "आयुष्यभर ही झाडं फळ्यावर काढली हो. आता कुठे खरी बघतेय." एवढंच बोलून बसल्या.

विरोधात बाईंशिवाय एकही हात वर झाला नाही. माझाही नाही. मला आजही त्याची लाज वाटते.

*

चतुर्थीला गुरुजी कसबा पेठेतून स्कूटरवर पावणेसातलाच हजर. आम्ही मंडईतून आणलेली पत्रीची पुडी त्यांनी सोडली. एकवीस पत्री म्हणून दिलेल्या पुडीत निम्मी पानं अशोकाची!

"आघाडा कुठंय?" गुरुजी म्हणाले. "आघाड्याशिवाय मी पाटावर बसत नाही. आणि साडेसातला मला दुसरी पूजा आहे."

मांडवातले सगळे पुडीच पुन्हा चाळायला लागले. आघाडा कुठे आहे ते प्रत्येकाला माहीत होतं, पण बोलणार कोण? मागे वळून बघतो तर पूजेला बसणारे लेले काका गायब!

शोधत गेलो. गोगटे बाईंच्या कमरेएवढ्या गवतात लाल सोवळं दिसलं. काका वाकून दोन्ही हातांनी आघाडा खुडत होते, चपला बाहेर, धोतर वर खोचलेलं.

तेवढ्यात सोपान मशीन घेऊन आला. बरोब्बर सात. "सायेब, कुठनं सुरू करू?"

काका पटकन खाली बसले. नुसतं गवत दिसायला लागलं. त्या गवतातून आवाज आला, "परत ने ते मशीन! पुन्हा इकडे आणू नकोस! आणि हळू बोल, बाई उठतील!"

अंगणाकडची खिडकी उघडली. बाईंच्या हातात चहाचा कप होता.

"जागीच आहे मी. घ्या लेले, हवा तेवढा घ्या. फक्त सरळ करून मोजा हं!"