आईचा काळा कोट

व्हिएन्नाच्या ख्रिसमस बाजारात लेकीला दिव्यांचं झाड दाखवायला उचलून घेतलं आणि आईचा हात सुटला. गर्दीच्या रेट्याने पुढे ढकलला गेलो. वळून बघतो तर सगळीकडे काळे कोट, लोकरीच्या टोप्या. एरवी कुठल्याही गर्दीत तिची साडी मला लांबून ओळखू येते. थंडी बाधेल म्हणून तो काळा कोट मीच हट्टाने घालायला लावला होता. "आई!" म्हणून ओरडलो. एकही मान वळली नाही. लेकीला बायकोकडे देऊन मागे पळालो. भाजलेल्या चेस्टनटच्या गाडीपाशी, हात सुटला तिथेच, आई उभी होती.

"चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाही, हे लहानपणी तुला मीच सांगायचे ना?" ती म्हणाली.

मी तिचा हात घट्ट धरला. पण मनात आलं, एक दिवस असाच धावत येईन, आणि त्या जागी नुसती गर्दी असेल.