झुइडओस्टचे वकीलसाहेब

भानुदास खोब्रागडे यांना आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे वकीलसाहेब म्हणायचे आणि ते प्रत्येकाला दुरुस्त करायचे. "होतो. आता नाही." मग हातातली भाजीची पिशवी वर करून दाखवायचे, पुरावा म्हणून.

खरं तर त्यांच्याइतका हाडाचा वकील मी पाहिलेला नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या पार टोकाला, नदी ओलांडली की आंध्र, अशा सिरोंच्याच्या कोर्टात त्यांनी उमेदीची वर्षं काढली. सायकलवरून प्रचार करून एकदा पंचायत समितीवर निवडूनही आले. पुढे त्यांच्या पत्नी लताताईंना अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका प्रयोगशाळेत संशोधनाचं काम मिळालं आणि छोट्या लेकीचं, मैत्रीचं, बोट धरून भानुदास त्यांच्यामागून इथे आले. इथे त्यांची सनद चालत नव्हती. पुन्हा कायदा शिकायचा तर डचमध्ये, आणि त्यांचं डच भाजीबाजारापुरतं. मग लताताईंनी नोकरी केली आणि भानुदासांनी घर सांभाळलं. आमच्या पुण्यामुंबईच्या आयटीवाल्यांत यावरून कुजबुज चालायची. ज्यांना स्वतःचा डबा भरता येत नाही ते पुरुष यात पुढे असायचे, आणि माझं डोकं फिरायचं.

मी सुनेत्रा, पुण्याची. आम्ही २००४ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागात राहायला आलो तेव्हा माझ्या नवऱ्याला, अंबरीशला, ऑफिसशिवाय काही दिसत नव्हतं आणि मला बोलायला माणूस नव्हतं. भानुदासांनी मला सायकल शिकवली, डॉक्टरांकडे अपॉइंटमेंट कशी घ्यायची ते शिकवलं आणि सिरोंच्याच्या गोष्टी सांगितल्या. तिथे माडिया आदिवासी माणूस गोंडीत बोलायचा, कोर्टातला एक शिपाई त्याचं तेलुगू करायचा आणि भानुदास त्या तेलुगूचं मराठी करून न्यायाधीशांपुढे ठेवायचे.

"नियम एकच होता ताई," ते म्हणायचे. "पदरचा शब्द घालायचा नाही. अशिलाचं म्हणणं अशिलाच्याच तोंडून आलं पाहिजे. आपण मध्ये शहाणपणा केला, की साहेबाला वकील दिसतो, माणूस दिसत नाही."

घरात मात्र त्यांचं भाषेपुढे काही चालत नव्हतं. तेरा वर्षांची मैत्री मराठी सगळं समजायची आणि उत्तर फक्त डचमध्ये द्यायची. भानुदास मराठीत हाक मारत, ती डचमध्ये "येते" म्हणायची. लताताईंना याचं फार लागायचं. त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. शाळेत कुणी वडिलांचं काम विचारलं तेव्हा मैत्री म्हणाली होती, "काही नाही करत." लताताईंनी ते मला रडत सांगितलं. भानुदासांना कळू द्यायचं नव्हतं, पण त्यांना आधीच कळलं होतं. "खोटं थोडीच बोलली," एवढंच ते म्हणाले आणि पोळ्या लाटत राहिले.

आमच्या शेजारची जुनी उंच इमारत पाडायची ठरली होती. तिथे रामसुंदरमावशी राहत. त्या सुरिनामच्या, म्हणजे डचांच्या जुन्या वसाहतीतल्या, पूर्वज बिहारकडून मजूर म्हणून गेलेले. त्यांची हिंदी वेगळ्याच चालीची होती, पण भानुदासांनी चहा पिऊन पिऊन ती आत्मसात केली होती. मावशींना दिसायचं फार कमी. शेजारच्या दारात घानाची आबेना होती. ती रोज मावशींच्या डोळ्यांत थेंब घालायची, आणि ती भल्या पहाटे ऑफिसं साफ करायला गेली की तिचं बाळ मावशींच्या कुशीत झोपायचं. दोघींना नवीन घरं मिळणार होती, पण मावशींचं एका टोकाला आणि आबेनाचं मेट्रोच्या दुसऱ्या टोकाला. घरं वाटणाऱ्या ऑफिसचं म्हणणं, नातं नाही, म्हणजे दोन वेगळी कुटुंबं.

"मला नवीन घर नको," मावशी म्हणाल्या. "मला आबेनाचं दार पाहिजे."

झुइडओस्टची तेव्हा स्वतःची निवडून आलेली सभा होती. तिच्या समितीपुढे कुणाही रहिवाशाला चार शब्द बोलता येत. भानुदासांनी मावशींचं नाव दिलं. नेमकं तेव्हाच हेंक नावाचे एक स्थानिक पुढारी त्यांच्याकडे आले होते. पुढच्या मार्चच्या निवडणुकीसाठी त्यांना भानुदास आपल्या यादीत हवे होते. माणूस दारोदार ओळखीचा, अजून काय पाहिजे? पण पाडकामाची योजना हेंकच्याच पक्षाची होती. हे प्रकरण समितीत नेऊ नका, असं त्यांनी गोडीत सांगितलं. पंचायत समितीचे दिवस सांगताना भानुदासांचा चेहरा कसा उजळायचा ते मी पाहिलं होतं. पुन्हा निवडणूक लढवायची संधी त्यांना किती हवी असेल ते मला कळत होतं.

"काय करणार?" मी विचारलं.

"काय म्हणजे? तारीख लागली ना ताई. तारखेला हजर राहावं लागते."

आणि ते हजर राहिले, काळा कोट आणि गळ्यात वकिलाचे पांढरे बँड लावून! ट्रंकेतून काढलेला तो कोट मीच इस्त्री केला होता. मला वाटलं, लग्नाबिग्नाला जायचंय. सभागृहात सगळे स्वेटर घालून बसलेले. अध्यक्षबाईंनी आधी विचारलं, चर्चकडून कुणी पाद्री आलेत का? लोक हसले. मागच्या रांगेत लताताईंनी ओढून आणलेली मैत्री कानाला इअरफोन लावून बसली होती, ती खुर्चीत आणखी खाली सरकली.

आबेनाला पहिल्या रांगेत बसवून मी मावशींना हाताला धरून माइकपाशी नेलं. मावशींना डच यायचं, पण साहेबलोकांसमोर त्यांची जीभ टाळूला चिकटायची. भानुदासांनी त्यांना सांगितलं, तुमच्या भाषेत बोला, मी पुढे सांगतो. मावशी बोलू लागल्या. भानुदासांनी पहिलं वाक्य डचमध्ये केलं. दुसऱ्याला अडखळले. तिसऱ्याला थांबलेच. डोळ्यांत थेंब घालणं, उशाशी झोपलेलं बाळ, हे त्यांच्या बाजारच्या डचमध्ये बसेना. एक सदस्य घड्याळाकडे बघू लागला. भानुदासांच्या कपाळावर घाम आला आणि सवयीने त्यांच्या तोंडून मराठी निघालं, "त्या म्हणतात, सकाळी उठल्यावर मला पहिल्यांदा आबेनाचा हात कळतो, मग उजेड कळतो."

आणि मागून तेच वाक्य डचमध्ये आलं, स्वच्छ, न अडखळता.

मैत्री उभी होती. इअरफोन गळ्यात लोंबत होते. भानुदासांनी वळून पाहिलं नाही. ते मावशींकडे बघत राहिले, त्यांचं पुढचं वाक्य ऐकलं आणि मराठीत सांगितलं. मैत्रीने ते डच केलं. मावशी, भानुदास, मैत्री. मराठी ऐकायचं आणि डच बोलायचं, ज्या खोडीपायी घरात रोज कटकट व्हायची, ती खोडी ही पोर सगळ्या सभेसमोर करत होती आणि लताताई पदर नसताना ओढणीने डोळे पुसत होत्या. मीही पुसत होते, उगाच खोटं कशाला बोलू.

मावशी म्हणाल्या, "नातं कागदावर नाही, कबूल. पण हिच्या पोराला ताप आला की मला झोप लागत नाही, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?" मैत्रीने तेही जसंच्या तसं विचारलं. अध्यक्षबाईंनी घरं वाटणाऱ्या ऑफिसच्या माणसाला उभं केलं आणि दोघींना एकाच मजल्यावर शेजारची दारं द्या, असं सांगितलं. आबेनाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने मावशींना उचललंच.

मग अध्यक्षबाईंनी भानुदासांच्या गळ्याकडे पाहून विचारलं, "आपण वकील आहात का?"

भानुदास सरळ उभे राहिले. मान न वळवता मैत्रीला मराठीत म्हणाले, "सांग त्यांना, मी इथे वकील नाही."

मैत्रीने अध्यक्षबाईंकडे पाहिलं. मग ती बोलली. माझं डच तेव्हा यथातथाच होतं, पण एवढं मला नक्की कळलं.

"माझे बाबा वकील आहेत."

हेंक सभागृहातून केव्हाच निघून गेले होते. मार्चमध्ये यादी लागली तेव्हा तिच्यात भानुदासांचं नाव नव्हतं. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी आम्ही मेट्रो स्टेशनकडे चालत निघालो, तेव्हा कोटाची बटणं सोडत भानुदास लेकीला रागावायचा प्रयत्न करत होते.

"नियम काय सांगितला होता? पदरचं घातलंस ना?"

मैत्रीने त्यांच्या गळ्यातले वाकडे झालेले बँड सरळ केले आणि मराठीत म्हणाली, "हो. घातलं."