कर्णा कुणी देईना तेव्हा

श्रीरामपुरात कर्णे भाड्याने देणारे एक काका होते. दुकानात बसूनसुद्धा आधी घसा खाकरून "हॅलो, हॅलो" म्हणायचे, मगच बोलायला लागायचे.

साखर कामगारांचा संप मोडला आणि संपात गाणाऱ्या आमच्या कलापथकावर कम्युनिस्ट असा शिक्का बसला. ढोलकीवाल्याचं काम गेलं. मी मास्तरीण, मला शाळेने घरी बसवलं. तरी बाजारतळावर गाण्यांचा कार्यक्रम ठरला. यांना कर्णा दिलास तर परवाना विसर, असा दम फौजदाराने काकांना भरला.

संध्याकाळी काका सायकलला कर्णा बांधून हजर. तारा जोडल्या, माईक माझ्या उंचीला आणला.

"काका, दुकान जाईल तुमचं."

"हॅलो, हॅलो," माईकवर टकटक करत ते म्हणाले, "म्हना तुमी."

मी गायले. समोर साध्या वेशातले पोलीस बसले होते, तरी आवाज कापला नाही.

काकांचा परवाना खरंच गेला. ते एका पिठाच्या गिरणीत कामाला लागले. मी आभार मानायला तिथे गेले. पांढरे हात झटकत तेच आधी म्हणाले, "ताई, पार स्टेशनापोतर ऐकू येत हुतं. तुमी गात हुता तवा मी सोता सायकलीवर जाऊन ऐकून आल्तो."