न मोजलेला बीपी

नेवासा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी आरोग्य सेवक आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या उपकेंद्राची गुणवत्ता तपासायला पथक येणार होतं. आम्ही भिंती रंगवल्या, कचऱ्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मग मी रजिस्टरमधले रिकामे रकाने भरायला बसलो. बीपी मोजायचा राहिला असेल, तर मागच्या महिन्याचा आकडा थोडा कमी-जास्त करून लिहायचा, ही माझी जुनी सवय. त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

त्या सकाळी खुरपणीला जाणारी एक मावशी बीपीच्या गोळ्या न्यायला आली.

"भाऊ, डोकं लई ठणकतंय. पट्टा बांधून बघ की."

"उन्हातनं आलीस मावशी. पाणी पी, बरं वाटेल."

"उद्या सायेब येनार, म्हनून आज आमाला पान्यावर भागिवतो व्हय?"

मी हसलो. तिला गोळ्या दिल्या आणि कार्डावर लिहिलं, १३०/८४. यंत्र हाताशीच होतं.

तपासणीत आम्हाला चांगले गुण मिळाले. त्याच आठवड्यात मावशीची उजवी बाजू लुळी पडली.

ती नगरच्या दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेलो. सुनेने चहा ठेवला आणि ती सांगू लागली, "आदल्या दिवशीच आमी त्यांना नेवाशाला न्यायला निघाल्तो. पर आत्यांनी तुमचं कार्ड काढून दाखिवलं. म्हनल्या, बीपी बरोबर हाय, उगं कशाला जायचं?"

त्या दिवशी मी चहा पिऊन परत आलो. तेव्हापासून मी प्रत्येकाचा बीपी मोजतो, आणि राहिलाच तर रकाना कोरा सोडतो. कोऱ्या रकान्यांबद्दल बैठकीत बोलणी खातो. पण त्याने मावशीला काय मिळालं?

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. सून तिला भात भरवत होती.

"मावशी, त्या दिवशी मी बीपी मोजलाच नव्हता. मनानेच आकडा लिहिला."

सुनेने ताटली खाली आदळली आणि बाहेर निघून गेली. मावशीचं तोंड एका बाजूला ओढलेलं. शब्द फुटायला वेळ लागला.

"गर्दी... लई आसंल तवा."

त्या सकाळी बाकावर ती एकटीच होती. मी मान हलवून हो म्हणालो.